उष्णतेचे डोळे आणि जाहिरातींतले आंकडे



आंकड्यांच्या अंगीं एक विचित्र सामर्थ्य आहे. शब्दांनीं केलेली स्तुति ऐकली कीं शहाणा मनुष्य सावध होतो. परंतु तीच स्तुति आंकड्यांत सांगितली कीं तो तिच्यावर निःशंकपणें विश्वास टाकतो. "हें यंत्र फार चांगलें आहे" असें दुकानदार म्हणाला तर आपण हसून सोडून देतों. पण "या यंत्रांत ७६,८०० बिंदु आहेत" असें वेष्टणावर छापलेलें दिसलें, कीं आपला हात खिशाकडे जातो. हे बिंदु कसले, ते कोणीं मोजले, आणि ते मोजमाप करतात कीं नुसते चमकतात, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या खरेदींत नेमकी हीच फसगत होते. तें यंत्र म्हणजे थर्मल कॅमेरा.

हा कॅमेरा प्रकाशाचें नव्हे, तर उष्णतेचें चित्र काढतो. विजेच्या फलकावरील सैल झालेला सांधा, गच्चींतून भिंतींत उतरलेली ओल, सौरपट्टीचा बिघडलेला चौकोन, यंत्राचें तापत चाललेलें बेअरिंग, असे दोष साध्या डोळ्यांना कळण्यापूर्वीं त्याला दिसूं शकतात. एके काळीं तो लष्कराजवळ व मोठमोठ्या वीजसंस्थांजवळच असे. आतां तो मोबाईलच्या टोकाला बसण्याइतका लहान आणि मध्यम स्थितींतल्या गृहस्थाच्या आटोक्यांतला झाला आहे. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या आमच्या मलकापुरासारख्या वऱ्हाडी गांवीं, जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांत किंवा वीजकाम करणाऱ्या कारागिराच्या पेटींत तो दिसला, तर त्यांत आतां नवल वाटण्याचें कारण उरलेलें नाहीं. मात्र स्वस्त कॅमेऱ्याच्या वेष्टणावर जो मोठा आंकडा ठळकपणें छापलेला असतो, तो पुष्कळदां त्याच्या दृष्टीचा नसून त्याच्या पडद्याचा असतो. या दोहोंतला भेद मनावर ठसण्यासाठीं या यंत्राचा इतिहास थोडक्यांत पाहणें उपयोगाचें होईल.

या इतिहासाचा आरंभ इ. स. १८०० मध्यें इंग्लंडांत झाला. १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधून काढणारा विल्यम हर्शेल हा मूळचा वाद्यवादक. पुढें तो ज्योतिषी झाला. सूर्याचें निरीक्षण करतांना निरनिराळ्या रंगांच्या कांचा वापरल्या असतां डोळ्यांना होणारा ताप सारखा नसतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हां त्यानें त्रिकोणी लोलकांतून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि त्यांतील एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तुलनेसाठीं दुसरीं उष्णतामापकें त्यानें पट्ट्याच्या बाहेर ठेविलीं होतीं. तांबड्या रंगाच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. अशा रीतीनें अदृश्य अशा अवरक्त किरणांचा, म्हणजेच इन्फ्रारेड किरणांचा, शोध लागला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हर्शेलनें जो आंकडा लिहून ठेविला, त्या प्रत्येक आंकड्यामागें त्या जागीं प्रत्यक्ष बसलेलें एक उष्णतामापक होतें. जेथें उष्णतामापक नाहीं, तेथें आंकडा नाहीं, असा तो सरळ व्यवहार होता.

पुढील ऐंशी वर्षें ही विद्या एकेका बिंदूच्या मोजमापांतच वाढली. दोन भिन्न धातूंचा सांधा तापविला असतां वीज उत्पन्न होते, हें सीबेकनें १८२१ मध्यें दाखविलें. त्या तत्त्वावर असे अनेक सांधे एकत्र गुंफून इटालींतील नोबिली व मेलोनी यांनीं उष्णतेचा पुंज, म्हणजे थर्मोपाइल, तयार केला. सुमारें तीस फुटांवर उभ्या असलेल्या मनुष्याच्या अंगची ऊबसुद्धां तो ओळखीत असे. १८४० मध्यें विल्यमचा पुत्र जॉन हर्शेल यानें काजळी लावलेला कागद मद्यार्कानें भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. अदृश्य किरण जेथें पडले तेथें कागद आधीं वाळला, आणि उष्णतेचें एक ओबडधोबड चित्र उमटलें. १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील सॅम्युअल लॅंग्ली यानें बोलोमीटर बनविला. काळ्या केलेल्या प्लॅटिनमच्या बारीक पट्टीवर किरण पडले कीं ती किंचित् तापते, तापली कीं तिचा विद्युत्-विरोध बदलतो, आणि तो बदल मोजला कीं उष्णता कळते, हें त्याचें तत्त्व. एका अंशाच्या लाखाव्या भागाइतका फरक तें यंत्र दाखवीत असे. परंतु इतकें सूक्ष्म यंत्रहि एका वेळीं एकाच जागेची वार्ता सांगे. चित्र काढणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें.

चित्र हवें तर पुष्कळ जागांची वार्ता हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर यासाठीं जी युक्ति निघाली, तिच्यांत संवेदक एकच ठेवून हलत्या आरशांच्या साहाय्यानें त्याची नजर सबंध दृश्यावरून ओळीओळीनें फिरविली जाई. तो संवेदक थंड राखण्यासाठीं द्रवरूप नायट्रोजन लागे. स्वीडनमधील आगा या कंपनीनें १९६५ मध्यें असा कॅमेरा विक्रीस काढला, तो विजेच्या उच्च दाबाच्या वाहिन्या तपासण्यासाठीं. सांधा सैल झाला किंवा गंजला कीं त्याचा विरोध वाढतो, विरोध वाढला कीं तो तापतो, आणि तापतां तापतां एके दिवशीं तो जळतो किंवा तुटतो. जळण्यापूर्वीं त्याचें तापणें पाहतां आलें, तर अनर्थ टळतो. थर्मल कॅमेऱ्याची नागरी उपयुक्तता या एका वाक्यांत सामावली आहे.

यानंतरची मोठी क्रांति अमेरिकेंतील हनीवेल कंपनींत १९८० नंतरच्या दशकांत लष्करी गुप्ततेच्या पडद्याआड घडली. लॅंग्लीचीच पट्टी, पण केंसाच्या जाडीहूनहि लहान केलेली. व्हॅनेडियम ऑक्साईडचा पातळ थर दिलेली. आणि सिलिकॉनच्या चकतीवर हजारोंच्या संख्येनें ओळींत मांडलेली. ही मायक्रोबोलोमीटरची रचना होय. तिला थंड करण्याची आवश्यकता नव्हती. ३३६ गुणिलें २४०, म्हणजे ८०,६४० पट्ट्यांची अशी जाळी तेथें तयार झाली. १९९२ मध्यें ही विद्या गुप्ततेंतून मोकळी झाली आणि पुढें अनेक देशांत पसरली. १९०० पूर्वीं एका शास्त्रज्ञाच्या टेबलावर जें एक यंत्र होतें, तशीं ऐंशी हजार यंत्रें आतां नखाएवढ्या जागेंत मावूं लागलीं. २०१४ मध्यें मोबाईलला जोडण्याचे थर्मल कॅमेरे बाजारांत आले. फ्लीर कंपनीच्या पहिल्या मोबाईल कॅमेऱ्यांतील उष्णतेचे बिंदु ८० गुणिलें ६०, म्हणजे ४,८०० होते. सीक थर्मल कंपनीच्या कॅमेऱ्यांत ते २०६ गुणिलें १५६, म्हणजे ३२,१३६ होते.

हे आंकडे साध्या कॅमेऱ्याच्या मानानें फार लहान वाटतील. आजचा मोबाईल कोट्यवधि बिंदूंचें छायाचित्र काढतो. मग उष्णतेच्या कॅमेऱ्यानें हजारांवरच कां अडावें? याचें कारण असें कीं, येथें प्रत्येक बिंदु म्हणजे अधांतरीं टांगलेलें एक स्वतंत्र उष्णतामापक असतें. तें निर्वात पोकळींत ठेवावें लागतें. साधी कांच या किरणांना अडवून धरते, म्हणून भिंगहि जर्मेनियम किंवा सिलिकॉन यांसारख्या द्रव्याचें करावें लागतें. तेव्हां खरे बिंदु वाढले कीं किंमत वाढते, हा या व्यापाराचा पहिला नियम आहे. अगदीं स्वस्त यंत्रांत तर मायक्रोबोलोमीटरहि नसतो. मेलोनीच्या थर्मोपाइलाचे अतिसूक्ष्म वंशज त्यांत असतात. त्यांपैकीं एका प्रचलित जातींत ८ गुणिलें ८, म्हणजे अवघे ६४ बिंदु असतात. दुसऱ्या जातींत ३२ गुणिलें २४, म्हणजे ७६८.

आतां विक्रेत्याची अडचण पाहा. "सातशें अडुसष्ट बिंदूंचा कॅमेरा" असें छापलें तर गिऱ्हाईक तोंड फिरवील. परंतु त्याच यंत्राला ३२० गुणिलें २४० ठिपक्यांचा रंगीत पडदा बसविला, तर त्या पडद्यावर ७६,८०० ठिपके होतात. हा आंकडा मोठा आहे, आणि पडद्यापुरता तो खराहि आहे. मग वेष्टणावर "रिझोल्यूशन ३२० × २४०" असें ठळक छापतात आणि तें कशाचें, हें सांगण्याचें टाळतात. दोन आंकड्यांचें गुणोत्तर पाहिलें तर तें बरोबर शंभरास एक असें निघतें. म्हणजे पडद्यावरील प्रत्येक शंभर ठिपक्यांपैकीं एकच ठिपका मोजमापाचा आहे. उरलेले नव्याण्णव यंत्रानें आपल्या अंदाजानें भरलेले आहेत.

हें भरणें कसें चालतें, तें आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणानें सांगतों. समजा, एके दिवशींच्या पावसाचा नकाशा काढावयाचा आहे आणि पर्जन्यमापकें दोनच आहेत. एक मलकापुरास व दुसरें बुलढाण्यास. मलकापुरास २० मिलिमीटर पाऊस झाला आणि बुलढाण्यास ६०. नकाशा रंगविणारा वाटेवरील मोताळ्याच्या जागीं ४० लिहील, आणि मधल्या सर्व गांवांस क्रमाक्रमानें चढते रंग देईल. नकाशा मोठा सुबक दिसेल. परंतु मोताळ्यास त्या दिवशीं एक थेंबहि पडला नसेल, किंवा ढगफुटीहि झाली असेल. नकाशाला त्याची वार्ता नाहीं. नकाशाचा कागद दहापट मोठा केला, म्हणून मोताळ्यास पर्जन्यमापक बसत नाहीं. मोजलेल्या दोन जागांमधील न मोजलेल्या जागा अशा रीतीनें भरण्याला अंतर्वेशन, किंवा बाजारी भाषेंत इंटरपोलेशन, म्हणतात. ही क्रिया मुळांत अप्रामाणिक नव्हे. ओबडधोबड चौकटींचें चित्र तिनें डोळ्यांना सुसह्य होतें, आणि उत्तम कॅमेरेहि तिचा उपयोग करतात. अप्रामाणिकपणा घडतो तो भरलेला आंकडा मोजलेला म्हणून विकला जातो तेव्हां.

हा प्रकार थर्मल कॅमेऱ्यापासून सुरू झाला असेंहि नाहीं. दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यंत्रें विकणारे पूर्वींपासून "इतके शेंपट मोठें दिसतें" अशी बढाई मारीत आले आहेत. जर्मनींतील अर्न्स्ट आबे यानें १८७३ मध्यें दाखवून दिलें कीं, सूक्ष्मदर्शकाची बारकावा वेगळा करून दाखविण्याची शक्ति प्रकाशाच्या तरंगलांबीनें व भिंगांत शिरणाऱ्या किरणांच्या कोनानें बांधलेली असते. त्या मर्यादेपलीकडे प्रतिमा कितीहि मोठी केली, तरी नवें कांहीं दिसत नाहीं, अस्पष्टताच तेवढी मोठी होते. १९९० नंतरच्या दशकांत संगणकाला जोडण्याचे स्कॅनर आले, तेव्हां त्यांच्या वेष्टणांवरहि भिंगाचा खरा आंकडा बारीक आणि अंतर्वेशनाचा फुगविलेला आंकडा ठळक, असा थाट असे. वस्तु बदलली, युक्ति तीच राहिली.

मालाच्या अंगचा गुण एक आणि मालावर चढविलेला आंकडा दुसरा, ही तफावत आपल्या वऱ्हाडाला तर मुळींच नवी नाहीं. १८५३ मध्यें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत येथील कापसाला अपूर्व मागणी आली. १८६७ पर्यंत आगगाडी मलकापुरावरून नागपुरास पोहोंचली आणि १८७० मध्यें खामगांवचा फांटा सुरू झाला. व्यापार वाढला तशी लबाडीहि वाढली. कापसांतील भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यांत १८२९ मध्यें व पुन्हा १८६३ मध्यें कायदे करावे लागले होते. १८८६ मध्यें कारंजें येथें देशांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा आला. बाजारावर देखरेख करणारी समिति असावी आणि अडते व मापारी परवानाधारक असावेत, अशी ती व्यवस्था होती. तिचें मर्म इतकेंच कीं, वजन किती भरलें हें ज्याचा त्यांत लाभ आहे त्याच्या तोंडून ऐकूं नये. तें स्वतंत्र मापानें ठरावें. तेथें नागवला जाई तो बहुधा विकणारा शेतकरी. येथें नागवला जातो तो घेणारा गिऱ्हाईक. पण औषध एकच आहे: आंकडा ऐकूं नये, माप पाहावें.

कोणी म्हणेल, चित्र जरा धूसर असलें तर बिघडलें काय? थोडी रक्कम वायां गेली, एवढेंच ना? तसें नाहीं. खरी हानि पैशाहून मोठी आहे, आणि ती हिशेबानें समजून घेतली पाहिजे.

३२ गुणिलें २४ बिंदूंच्या एका प्रचलित संवेदकाची नजर आडवी ५५ अंश व उभी ३५ अंश पसरलेली असते. अशा यंत्रांतून एक मीटर अंतरावरील भिंत पाहिली, तर एकेका बिंदूच्या वांट्याला सुमारें सव्वातीन सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटरांहून किंचित् अधिक उंच असा तुकडा येतो. त्या तुकड्यांत जें जें असेल, त्या सर्वांच्या उष्णतेची सरासरी तो बिंदु सांगतो. आतां विजेच्या फलकावर एक चौरस सेंटिमीटराचा सांधा ९० अंशांपर्यंत तापला आहे आणि भोंवतालचा भाग ३५ अंशांवर आहे, असें समजूं. सांध्यानें त्या तुकड्याचा जेमतेम आठवा भाग व्यापलेला असतो. तेव्हां नव्वदाच्या ऐवजीं यंत्र चाळीस-त्रेचाळीसच्या आसपासचा आंकडा दाखवील. वऱ्हाडांतल्या वैशाखांत एवढें तापमान तर सावलींतल्या भिंतीचेंहि असतें. पाहणारा निर्धास्त होऊन फलकाचें दार लावील. तीन मीटर अंतरावरून पाहिलें, तर तोच बिंदु सुमारें दहा सेंटिमीटरांचा होतो आणि सांधा त्यांत पूर्णपणें बुडून जातो. जेथें सरकीचा कचरा उडतो, कापसाचे ढीग पडलेले असतात आणि एक ठिणगी पुरे होते, अशा जिनिंगच्या आवारांत ही निर्धास्तता किती महाग पडेल, तें सांगावयास नको. यंत्रच नसतें तर मनुष्य संशयानें सांधा आंवळून तरी पाहता. दोष न दिसणें आणि दोष नसणें यांतला भेद खोटा आंकडा पुसून टाकतो. त्याचा खरा अपराध हा आहे.

२०२० च्या कोरोना साथींत ज्वर ओळखण्यासाठीं थर्मल कॅमेऱ्यांचा सर्वत्र गाजावाजा झाला, तेव्हांहि हाच प्रश्न होता. शरीराच्या आंतील तापमानाशीं जुळणारी चेहऱ्यावरील जागा म्हणजे डोळ्याचा नाकाकडील कोपरा. ती अवघी कांहीं मिलिमीटरांची असते. जें यंत्र सबंध कपाळाला दोन-चार बिंदूंत गुंडाळतें, तें त्या कोपऱ्याविषयीं काय सांगणार?

मग किती बिंदु पुरेसे? या प्रश्नाचा शास्त्रीय विचार अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेंतील जॉन जॉन्सन यानें १९५८ मध्यें केला. त्यानें पाहणाऱ्यांपुढें निरनिराळ्या वस्तूंचीं चित्रें व काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे नमुने ठेवले आणि असें ठरविलें कीं, "तेथें कांहीं तरी आहे" हें कळण्यास वस्तूच्या रुंदींत पट्ट्यांची एक जोडी वेगळी दिसली तरी पुरे. तें माणूस आहे कीं वाहन आहे हें कळण्यास चार जोड्या लागतात. आणि कोणत्या जातीचें वाहन हें नक्की ओळखण्यास सहांहून अधिक. यांतला बोध असा कीं, आंकडा आपल्या कामाशीं जोडून पाहावा. खोलींत मनुष्य आहे कीं नाहीं, चुलीवरचें भांडें तापलें कीं नाहीं, सबंध मोटार तापली आहे काय, एवढेंच पाहावयाचें असेल, तर ७६८ बिंदूंचें यंत्रहि आपलें काम प्रामाणिकपणें करील. एका स्क्रूचें तापमान हवें असेल, तर तें निरुपयोगी आहे. तापमानाच्या आंकड्यावर विश्वास ठेवावयाचा तर वस्तूनें निदान तीन गुणिलें तीन बिंदु व्यापले पाहिजेत, असा या क्षेत्रांतील माहितगारांचा व्यवहारी नियम आहे.

आतां खरेदीच्या वेळीं काय करावें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, "रिझोल्यूशन" हा नुसता शब्द स्वीकारूं नये. तीन आंकडे वेगवेगळे मागावेत: उष्णतेच्या संवेदकाचा, पडद्याचा आणि सोबतच्या साध्या कॅमेऱ्याचा. माहितीपत्रकांत "इन्फ्रारेड", "थर्मल" किंवा "सेन्सर" रिझोल्यूशन या नांवाखालीं जो आंकडा असेल, तोच आपला. "डिस्प्ले", "इमेज", "इंटरपोलेटेड", "एन्हान्स्ड" किंवा "सुपर" हे शब्द ज्याच्या मागें लागलेले असतील, तो आंकडा बाजूस ठेवावा. हाताच्या सूक्ष्म कंपनामुळें किंचित् सरकलेल्या अनेक चित्रांवरून थोडा अधिक बारकावा काढण्याची रीत खरी आहे. परंतु ती संवेदकाची जागा घेऊं शकत नाहीं. संवेदकाचा आंकडा कोठेंच दिला नसेल, तर तो अभिमानानें सांगण्याजोगा नाहीं, असें समजण्यास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट, एक सोपा हिशेब करावा. नजरेचा आडवा कोन ५५ अंशांच्या आसपास असेल, तर जेवढें अंतर तेवढीच सुमारें दृश्याची रुंदी. त्या रुंदीला आडव्या बिंदूंच्या संख्येनें भागावें. तीन मीटरांवरून १६० बिंदूंचा कॅमेरा पाहत असेल, तर एकेक बिंदु सुमारें दोन सेंटिमीटरांचा पडतो; त्याची तिप्पट, म्हणजे सहा सेंटिमीटरांहून लहान वस्तूचें तापमान त्या अंतरावरून खरें मानूं नये. जवळ जाण्याची सोय असेल तर जवळ जावें. ती नसेल तर अधिक बिंदूंचा किंवा अरुंद कोनाचा कॅमेरा पाहावा.

तिसरी गोष्ट, साध्या कॅमेऱ्याची उसनवारी उघडी पाडावी. पुष्कळ यंत्रें साध्या छायाचित्रांतील कडा व रेषा उष्णतेच्या चित्रावर चढवितात. वस्तु ओळखण्यास त्याची मदत होते, यांत शंका नाहीं. परंतु त्या रेषा उष्णतेच्या नव्हेत. यासाठीं साध्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट ठेवावें, किंवा ही मिश्रणाची सोय बंद करावयास सांगावें. मग जें उरेल तें उष्णतेच्या संवेदकाचें खरें कर्तृत्व. खोलींत बराच वेळ पडलेल्या वर्तमानपत्राचीं अक्षरें "उष्णतेच्या चित्रांत" स्पष्ट वाचतां येत असतील, तर तीं साध्या कॅमेऱ्यानें वाचलीं आहेत. कारण शाई व कागद यांचें तापमान तेथें सारखेंच असतें.

चौथी गोष्ट, दुकानांतच करतां येणारी परीक्षा. सोबतच्या मनुष्यास दोन मीटरांवर उभें करून हाताचीं बोटें फांकावयास सांगावें आणि मागें थंड भिंत असावी. १६० गुणिलें १२० बिंदूंचा व वर सांगितलेल्या कोनाचा कॅमेरा बोटें सुटीं दाखवील. ३२ गुणिलें २४ बिंदूंच्या यंत्रांत त्याच हाताचा एक मऊ, गुळगुळीत गोळा दिसेल. पडदा कितीहि तेजस्वी असो, गोळ्याचीं बोटें होणार नाहींत. घरपोंच मागविलेल्या यंत्रावर हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं करावी.

इतकें करूनहि फसगत झाली, तर गप्प बसूं नये. आपल्याकडे १९५६ मध्यें वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला आणि १९५८ पासून मेट्रिक वजनें आलीं. शेर व मण यांचा गोंधळ त्यानें मिटला. १९७४ मध्यें पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ मध्यें ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्पष्ट व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती बुद्ध्या दडवून ठेवणें हेंहि तींत येतें. म्हणून वेष्टण, पावती व जाहिरातीचें चित्र जपून ठेवावें, विक्रेत्याकडे लेखी उत्तर मागावें, आणि प्रसंगीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें.

परंतु कायदा हा मागाहून येणारा उपाय आहे. आधीं येणारा उपाय म्हणजे विचारलेला प्रश्न. हर्शेलच्या एका उष्णतामापकापासून आजच्या लाखों सूक्ष्म पट्ट्यांपर्यंत या विद्येची जी प्रगति झाली, ती "येथें प्रत्यक्ष मोजलें कोणीं?" या एका प्रश्नाच्या आधारानें झाली. शास्त्रज्ञानें जो प्रश्न निसर्गाला विचारला, तोच गृहस्थानें दुकानदाराला विचारावा. ज्याचा माल खरा आहे, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाहीं. आणि ज्याला राग येईल, त्याचा आंकडा कसला आहे, हें निराळें सांगण्याची गरजच उरणार नाहीं.